पांढरी तीनपासून सुरुवात: खान्देशात बेस गिटार हाती घेणाऱ्यांसाठी

लग्नसराई सरली की दरवर्षी मला एक-दोन फोन येतात. पलीकडे बहुतेक विशीतला मुलगा असतो, यावलचा, शिरपूरचा नाहीतर साक्रीचा. "भाऊ, बेस गिटार घेतली, पण तार फडफडते. आवाजात दम नाही. दुसरी घेऊ का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. दुसरी घेऊ नको, आधी आहे ती जुळवून घे.

आपल्याकडे गिटार जुळवून देणारा कारागीर हाकेच्या अंतरावर नाही. नाशिक, पुणे नाहीतर मुंबई गाठावी लागते. आणि पुण्याहून जुळवून आणलेली गिटार मे महिन्याच्या भुसावळात तशीच राहील, याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. म्हणून खान्देशात बेस वाजवायची तर पाना स्वतःच्या हातात हवा. अहिराणी गाण्यांच्या कार्यक्रमांत आणि ऑर्केस्ट्रात बरीच वर्षं बेस वाजवताना जे हाताला कळलं, ते इथे क्रमाने लिहितो.

पहिली पायरी: वाद्य ओळखून घ्या

बेसला चार तारा. जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी. हार्मोनियमच्या भाषेत पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. हे असंच पाठ करा, कारण आपला गायक स्टेजवर "जी शार्प" म्हणणार नाही, "काळी चार" म्हणेल. काळी चार म्हणजे जाड तारेचा चौथा फ्रेट, म्हणजे मानेवरची चौथी आडवी धातूची पट्टी. काळी एक म्हणजे दुसऱ्या तारेचा चौथा, आणि काळी पाच म्हणजे त्याच तारेचा पहिला. एवढं सुचलं की पट्टी बदलली तरी घाम फुटत नाही.

आणखी एक सोय. कुठलीही तार सा धरली तर तिच्या पुढची मोकळी तार म असते. त्यामुळे आकार कधीच बदलत नाही. सा जिथे धराल, तिथून पुढच्या तारेवर दोन फ्रेट वर प, आणि त्याच फ्रेटवर पण आणखी एक तार पुढे वरचा सा. सा, प, वरचा सा, या तीन ठिकाणांवर पहिले दोन महिने काढा.

मोकळी जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, म्हणजे ४१ हर्ट्झ. दुसरी ५५, तिसरी ७३ आणि चौथी ९८. हे आकडे लक्षात ठेवा. पुढे स्पीकर, वीज आणि मोबाईल या तिन्ही ठिकाणी लागणार आहेत.

या वाद्याचं रूप ठरलं ते अमेरिकेत. सिएटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकात आडवी धरून वाजवायची, फ्रेट असलेली विजेची बेस बनवली होती, पण ती फारशी पसरली नाही. १९५१ मध्ये लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस आणली. उभ्या डबल बेसवर फ्रेट नसतात, सूर कानाने शोधावा लागतो. इथे फ्रेट आले, सूर नेमका लागू लागला, म्हणून नावही प्रिसिजन. नट (नेकच्या, म्हणजे मानेच्या, टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज (अंगावरचा तारा टेकणारा भाग) तारेची लांबी त्यांनी ३४ इंच ठेवली आणि आजही बहुतेक बेस त्याच मापाच्या असतात. १९६० मध्ये त्यांचीच जॅझ बेस आली, नेक नटपाशी अरुंद आणि पिकअप, म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणारे चुंबकाचे भाग, दोन. दुकानात दिसणाऱ्या कमी किमतीच्या बहुतेक गिटारी या दोघींपैकी एकीच्या वळणावर गेलेल्या असतात.

दुसरी पायरी: घेताना काय पाहायचं

पाच तारांची घेऊ का, हा प्रश्न हमखास येतो. पाचवी तार म्हणजे खालची पांढरी सात, सुमारे ३१ हर्ट्झ. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाला ती भारदस्त वाटेल हे खरं. पण गावच्या कार्यक्रमातले बहुतेक स्पीकर तो सूर बाहेर काढूच शकत नाहीत, तार नुसती थरथरते. शिवाय नेक रुंद, वजन जास्त आणि न वाजणाऱ्या तारा दाबून ठेवण्याचं काम एकीने वाढलेलं. सुरुवात चार तारांवरच करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रिसिजन की जॅझ, हा वाद दोन्ही आवडणाऱ्यांत वर्षानुवर्षं चालला आहे. प्रिसिजनचा १९५७ पासूनचा पिकअप दोन तुकड्यांत असतो. एक तुकडा दोन जाड तारांसाठी, दुसरा दोन बारीक तारांसाठी, आणि दोघांची गुंडाळणी व चुंबकं एकमेकांच्या उलट. त्यामुळे विजेची घुरघुर आपोआप कापली जाते. आवाज भरीव, मधला भाग ठसठशीत. जॅझमध्ये ब्रिजजवळचा पिकअप आवाजाला धार देतो, नेकजवळचा गोलाई. दोन्ही सारखे उघडे ठेवले की घुरघुर कापली जाते, एक कमी केला की परत येते. ज्या मंडपातली वीज कशी असेल सांगता येत नाही तिथे वाजवायचं असेल, तर मी प्रिसिजनच्या बाजूने आहे.

लाकडाबद्दल नवखे फार विचारतात. फिंगरबोर्ड, म्हणजे नेकवरची बोटं ठेवायची फळी, पूर्वी बहुतेक रोजवुडचे असत, आणि त्यातलं पुष्कळसं आपल्याकडचं शिसव. जुन्या वाड्यातल्या कपाटाचं असतं तेच. २०१७ मध्ये शिसवाच्या साऱ्या जातींच्या परदेशी व्यापारावर नियंत्रण आलं आणि कंपन्या पर्याय शोधू लागल्या. पुढे २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, पण पर्याय टिकले. फेंडरच्याच स्वस्त ब्रँडच्या, स्क्वायरच्या, बऱ्याच गिटारींच्या माहितीत 'इंडियन लॉरेल' लिहिलेलं दिसेल. ते म्हणजे आपला ऐन, सातपुड्यात वाढणारा. माझ्या आताच्या गिटारीवर तोच आहे आणि त्यावर बोट फिरवताना मला आनंद होतो. मात्र विजेच्या बेसचा आवाज ठरवण्यात फिंगरबोर्डच्या लाकडापेक्षा पिकअपची जागा, तारा आणि तुमचं बोट यांचा वाटा कितीतरी मोठा.

पार्सल घरी आलं की चार गोष्टी तपासा. ब्रिजच्या बाजूने डोळा लावून नेक पाहा. ती पिळलेली, म्हणजे एका अंगाला तिरकी, दिसली तर गिटार परत करा, कारण पीळ पान्याने निघत नाही. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. खुंट्या सैल आहेत का पाहा. बटणं फिरवताना खरखर होते का ऐका. शेवटच्या दोन गोष्टी दुरुस्त होतात, त्यांच्यासाठी घाबरू नका.

तिसरी पायरी: जुळवणी, आणि तिचा क्रम

पुढचा क्रम मोडायचा नाही: सूर, नेकचा बाक, तारेची उंची, इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर खरा लागणं), पिकअपची उंची. मधूनच एक गोष्ट केली की बाकीच्या बिघडतात आणि माणूस गोल गोल फिरत राहतो.

आधी ट्यूनर लावून चारही तारा सुरात आणा. चार तारांचा ताण नेकला पुढे ओढत असतो. त्याला उलटा जोर देण्यासाठी नेकच्या पोटात लोखंडी दांडा असतो, तो ट्रस रॉड. त्याचं तोंड हेडस्टॉकपाशी, म्हणजे खुंट्यांच्या टोकाशी, किंवा नेकच्या बुडाशी असतं, आणि तिथे ॲलन की, म्हणजे एल पाना, लागतो.

बाक मोजायचा असा. जाड तार पहिल्या फ्रेटवर दाबा आणि शेवटच्या फ्रेटवरही दाबा. आता तीच तार तुमची सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते पाहा. साधारण ०.३ मिलिमीटर हवी. हे मोजायला फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा, लागतं आणि ते घ्यायला संगीताच्या दुकानात जायची गरज नाही. बुलेटचे नाहीतर ट्रॅक्टरचे टॅपेट लावणाऱ्या कुठल्याही मिस्त्रीकडे ते असतं. तेही नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्ड चालेल. ते फटीतून तार न उचलता जेमतेम सरकलं की काम झालं.

फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने आवळा, नेक सरळ होते. फट नसेलच तर उलट्या दिशेने सैल करा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त कधीच नाही. मग पुन्हा सूर लावा, थोडा वेळ जाऊ द्या, पुन्हा मोजा. पाना अचूक मापाचाच हवा. मिलिमीटरचा पाना इंचाच्या खाचेत कोंबला की खाच गोल होते आणि मग खरंच कारागिराकडे जावं लागतं. रॉड फिरतच नसेल तर जोर लावू नका, थांबा.

बाक बसला की उंची. ब्रिजवर प्रत्येक तारेखाली सॅडल असतं, त्याचे बारीक स्क्रू वर-खाली होतात. सतराव्या फ्रेटवर जाड तारेखाली सुमारे अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दोन, ही सुरुवातीला चांगली मापं आहेत. हात जड असेल, तार जोरात ओढायची सवय असेल, तर थोडी वर ठेवा.

फडफड कुठे होते यावरून दुखणं ओळखता येतं. फक्त पहिल्या चार-पाच फ्रेटवर होत असेल तर नेक जास्तच सरळ झाली आहे, बाक वाढवा. वरच्या फ्रेटवर, बाराव्याच्या पुढे होत असेल तर तारेची उंची कमी आहे. एकाच फ्रेटवर होत असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट वर आला आहे, तो ठोकून किंवा घासून बसवावा लागतो आणि ते काम जाणत्याचंच. मला फोन करणाऱ्या दहातल्या आठांची तक्रार पहिल्या दोन प्रकारांतली निघते.

इंटोनेशन सोपं आहे. बाराव्या फ्रेटवर तारेला हलका स्पर्श करून हार्मोनिक वाजवा, मग तिथेच तार दाबून वाजवा. दोन्ही सूर ट्यूनरवर सारखे यायला हवेत. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे, नेककडे. तारा जुन्या झाल्या असतील तर हे करत बसू नका, आधी तारा बदला.

पिकअप तारेच्या फार जवळ आणला तर चुंबक तारेला ओढतं आणि सूर डगमगतो. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून पिकअपपर्यंत तीनेक मिलिमीटर अंतर ठेवा आणि पुढचं कानाने ठरवा.

चौथी पायरी: ऊन, कूलर आणि मृग

हा भाग पुण्या-मुंबईच्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळणार नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि हवा कोरडीठक्क होते. लाकूड आकसतं, पण फ्रेट धातूचे, ते आकसत नाहीत. मग फ्रेटची टोकं नेकच्या कडेला बाहेर येतात आणि हात सरकवला की टोचतात. जूनमध्ये मृग लागला, हवा ओलावली की लाकूड फुगतं आणि टोचणं कमी होतं. नेकचा बाकही यात बदलतो. तो कुठल्या बाजूला जाईल हे गिटारीगणिक वेगळं असतं, म्हणून अंदाजाने पाना लावायचा नाही, दर वेळी मोजायचं. मी वर्षातून तीनदा मोजतो: होळीनंतर, पहिला मोठा पाऊस झाला की, आणि दिवाळी आटोपली की.

त्यात आपला कूलर. बाहेर कोरडी भट्टी आणि खोलीत वाळ्याच्या जाळीतून येणारी ओली हवा. गिटार कूलरसमोर भिंतीला टेकवून ठेवलेली मी कित्येक घरांत पाहिली आहे. दिवसभर तिला ओलावा मिळतो, संध्याकाळी ती कोरड्या मैदानात स्टेजवर जाते. लाकडाचे हाल होतात. गिटार कूलरच्या झोतापासून लांब, केसमध्ये ठेवा. केसमध्ये छोटा आर्द्रतामापक टाकून ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहील असं पाहा. कार्यक्रमाच्या जागी पोचल्यावर केस लगेच उघडू नका, अर्धा तास तशीच राहू द्या. रोजवुड किंवा ऐनाच्या कोरड्या फिंगरबोर्डला वर्षातून दोनदा गिटारीसाठीचं लेमन ऑइल पुसून घ्या. खोबरेल वा गोडं तेल नको, ते चिकट होऊन खवट होतं. पॉलिश केलेल्या पिवळसर मेपलच्या बोर्डला तेल लावायचंच नाही.

एकदा चोपड्याकडे लग्नात भर दुपारी गिटार गाडीच्या डिकीत राहिली. बंद गाडीत उन्हाने तापमान ६० च्या वर सहज जातं आणि डिंक मऊ पडू लागतो. संध्याकाळी काढली तेव्हा चारही तारा उतरलेल्या, कारण पोलादही तापलं की लांबतं. तारा जुळवून कार्यक्रम निभावला. घरी येऊन तारा काढल्या तर नट हातात आला. तेव्हापासून गिटार माझ्याबरोबर मंडपात येते, जेवताना खुर्चीशेजारी असते.

पाचवी पायरी: तारा आणि बोटं

नव्या गिटारीच्या तारा बहुतेक राउंडवाउंड असतात, म्हणजे गोल तार गुंडाळलेल्या. चमकदार, खणखणीत. फ्लॅटवाउंडवर चपटी पट्टी गुंडाळलेली असते. आवाज गोल, मऊ, बोट सरकताना चरचर नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या गाण्यांत बेस वाजवणारे जेम्स जेमर्सन फ्लॅटवाउंडच वापरत, त्या क्वचितच बदलत, आणि उजव्या हाताचं एकच बोट चालवत. एका बोटात काय सामर्थ्य असतं हे त्यांना ऐकल्यावर कळतं. ढोलकीच्या आणि संबळाच्या गाण्यांना मला फ्लॅटवाउंड फार शोभतात. त्या वाद्यांच्या वरच्या कडकडाटाला बेस धक्का देत नाही, खालून उचलून धरतो. जाडीचं प्रचलित माप ४५ ते १०५, म्हणजे सर्वात बारीक तार इंचाचा ०.०४५ भाग आणि सर्वात जाड ०.१०५. तेच घ्या.

आपल्याकडे घाम पुष्कळ, तारा गंजतात. वाजवून झालं की सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसा. मळलेल्या राउंडवाउंड तारा काढून दहा मिनिटं पाण्यात उकळल्या आणि नीट वाळवल्या की काही दिवस पुन्हा चमकतात.

आवाज बदलण्यासाठी बटणांआधी उजवा हात हलवा. ब्रिजजवळ वाजवलं की आवाज घट्ट आणि नाकातला, नेककडे सरकलं की जाड आणि पसरट. टोनचं बटण फक्त वरच्या कंपनांना कपॅसिटरमधून जमिनीकडे (ग्राउंडकडे) वळवतं, नवं काही घालत नाही. ॲक्टिव्ह, म्हणजे आत स्वतःचं सर्किट असलेल्या, गिटारीत ९ व्होल्टची बॅटरी असते आणि केबल लावलेली राहिली तर ती संपत राहते. म्हणून थांबलात की केबल काढा.

सहावी पायरी: ॲम्प, वीज आणि मंडप

घरी सरावाला २०-३० वॉटचा बेसचाच ॲम्प पुरतो. साध्या गिटारच्या ॲम्पवर बेस मोठ्याने वाजवली तर स्पीकर फाटतो. एकत्र कुटुंबात रात्री सराव करायचा तर हेडफोन उत्तम.

कार्यक्रमात बेस डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारी डबी) थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला द्या. लांब साध्या केबलमध्ये वरचा आवाज गळतो, डीआय तो वाचवतो. भोंग्यांतून बेस येतच नाही, मोठे १५ किंवा १८ इंची स्पीकर असतील तर येतो. ४१ हर्ट्झची एक लाट साडेआठ मीटरच्या आसपास लांब असते. उघड्या लॉनवर ती पसरून जाते आणि बेस कमी वाटतो. मंगल कार्यालयाच्या भिंतींत तीच घुमते. कार्यालयात खालचा आवाज कमी करा, २०० ते २५० हर्ट्झच्या आसपास थोडं कापा, म्हणजे गढूळपणा जातो. गर्दीत बेस ऐकूच येत नसेल तर खालचा वाढवू नका, ७०० ते १००० हर्ट्झ थोडं वाढवा. बोटाचा सूर तिथे असतो. आमच्या ढोलवाल्या नानांचं एकच मागणं असे, "आवाज छातीमा लागाले जोयजे." छातीत लागतो तो ६० ते ८० हर्ट्झचा भाग. ढोलाची घुमही तिथेच राहते, म्हणून ती जागा दोघांनी वाटून घ्यावी लागते.

आपल्या विजेची घुरघुर ५० हर्ट्झची, आणि तिची दुप्पट १००. जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरची पांढरी पाच ४९ हर्ट्झवर आहे, मोकळी चौथी तार ९८ वर. म्हणजे घुरघुर नेमकी बेसच्या घरात येऊन बसते आणि पांढरी पाचच्या गाण्यात ती सुराला बेसूर करते. ऑर्केस्ट्रात बाकी कोणाला ती तितकी नडत नाही.

आता सर्वात महत्त्वाचं. गावात जनरेटरवर कार्यक्रम असतो तेव्हा अर्थिंग बहुतेक वेळा नसतंच. तुमच्या तारा ब्रिजमधून ॲम्पच्या जमिनीला जोडलेल्या असतात. तारेवर हात आणि माइकला ओठ, अशा वेळी जोराचा झटका बसू शकतो. सुरू करण्याआधी तारेला आणि माइकच्या जाळीला टेस्टर लावून पाहा. दिवा पेटला तर वायरमनने दुरुस्त करेपर्यंत वाजवू नका. घुरघुर घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन कधीही काढू नका. त्यासाठी डीआय बॉक्सवर वेगळं बटण असतं.

मोबाईलसाठी रेकॉर्डिंग करताना

आपली गाणी लोक मोबाईलवर ऐकतात, आणि त्याच्या बारक्या स्पीकरला ४१ हर्ट्झ काढताच येत नाही. तरी बेस कळतो, कारण तारेतून ८२, १२४, १६५ अशी वरची कंपनंही निघतात आणि त्यांवरून कान खालचा सूर स्वतःच भरून घेतो. म्हणून रेकॉर्डिंगला टोनचं बटण पूर्ण बंद करू नका आणि आवाजाला किंचित खरबरीतपणा येऊ द्या. मिक्स झाल्यावर एकदा मोबाईलवर आणि एकदा रिक्षाच्या स्पीकरवर ऐका.

पहिल्या कार्यक्रमाआधी

कीबोर्डवाल्या भाऊंशी आधीच बोला. इतकी वर्षं डाव्या हाताने बेस तेच सांभाळत आले आहेत आणि दोघांनी एकाच वेळी खालचे सूर धरले की मंडपात नुसता चिखल होतो. त्यांच्या घरी जाऊन बसा, दोन-तीन कानबाईची गाणी एकत्र वाजवा. तुम्ही फक्त सा आणि प धरा, ढोलाच्या ठोक्याला चिकटून, मधल्या जागा रिकाम्या सोडून. दुसऱ्या गाण्यापर्यंत ते आपणहून डावा हात उचलतात. त्या हाताला करण्यासारखं त्यांच्याकडे पुष्कळ काही असतं.